ताशी सव्वासात डॉलर की वर्षातून एक चेक? ईआयटीसी आणि किमान वेतन, दोन्ही तपासून

अमेरिकेत कमी पगारावर राबणाऱ्या माणसासाठी फेडरल सरकारने मुख्य अशी दोन दुकानं मांडली आहेत. पहिल्यात किमान वेतन मिळतं: ताशी ७.२५ डॉलर, २४ जुलै २००९ पासून एका सेंटचाही बदल नाही. दुसऱ्यात अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट मिळतं, ज्याला सगळे ईआयटीसी म्हणतात. ते १९७५ मध्ये सुरू झालं, तेव्हा जास्तीत जास्त ४०० डॉलर मिळायचे. राजकारणात या दोघांची झुंज कायम लावली जाते. ‘वेतन वाढवा’ म्हटलं की समोरचा ‘त्यापेक्षा क्रेडिट वाढवा’ म्हणतो. ती झुंज थोडी बाजूला ठेवून दोन्ही दुकानांतला माल ग्राहकाच्या नजरेने पाहू: हातात किती पडतं, कधी पडतं, त्यासाठी किती खेटे घालावे लागतात आणि गाडं नेमकं कुठे अडतं. क्रेडिटचे आकडे २०२५ च्या उत्पन्नाचे, म्हणजे २०२६ मध्ये भरायच्या रिटर्नचे आहेत.

क्रेडिट आणि वजावट यांत लोक गोंधळतात. वजावट करपात्र उत्पन्नातून होते, क्रेडिट थेट करातून वजा होतं. शिवाय ईआयटीसी परत मिळणारं क्रेडिट आहे. कर शून्य असला तरी रक्कम खात्यात येते. अट एकच मोठी, कमाई कामाची हवी. बेकारभत्ता, व्याज, पेन्शन यांवर ते मिळत नाही, आणि गुंतवणुकीचं उत्पन्न ११,९५० डॉलरच्या वर गेलं की हक्कच संपतो.

हिशेबाचा आकार टेकडीसारखा आहे. दोन मुलं असलेल्या एकट्या पालकाला कमाईच्या प्रत्येक डॉलरमागे ४० सेंट मिळतात. १७,८८० डॉलर कमाईला टेकडीचा माथा येतो, तिथे क्रेडिट ७,१५२ डॉलर. २३,३५० पर्यंत सपाटी, आणि त्यापुढे प्रत्येक जादा डॉलरमागे २१.०६ सेंट कापत कापत ५७,३१० डॉलरला शून्य. एका मुलासाठी चढ ३४ सेंटांचा आणि माथा ४,३२८ डॉलरचा. तीन किंवा अधिक मुलांसाठी चढ ४५ सेंटांचा, माथा ८,०४६. मूल नसेल तर कमाल ६४९ डॉलर, तेही वय २५ ते ६४ असेल तरच.

आता एक उदाहरण हातावर घेऊन पाहू. दोन मुलांची आई, आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, ताशी ७.२५. वर्षाचे २,०८० तास भरतात आणि पगार होतो १५,०८०. त्यावर ४० टक्क्यांनी क्रेडिट ६,०३२ डॉलर. तासावर वाटलं तर २ डॉलर ९० सेंट. म्हणजे तिचा खरा दर ताशी १०.१५ झाला आणि वरचा भार मालकाने नाही, तर सरकारी तिजोरीने उचलला.

समजा तिच्या राज्यात किमान वेतन १५ डॉलर झालं आणि तिचे तास कमी झाले नाहीत. पगार ३१,२०० डॉलर. ती आता टेकडीच्या उतारावर आहे: २३,३५० च्या वरच्या ७,८५० डॉलरवर २१.०६ टक्के कपात, म्हणजे १,६५३ डॉलर गेले आणि क्रेडिट उरलं सुमारे ५,४९९. पगार १६,१२० डॉलरने वाढला, क्रेडिट फक्त ५३३ ने घटलं. सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअरची (म्हातारपणच्या आरोग्यविम्याची) ७.६५ टक्के कपात वाढीव पगारावरही बसते, ती १,२३३ डॉलरची. (मुलांचं वेगळं चाइल्ड टॅक्स क्रेडिट या हिशेबात धरलेलं नाही.) तेव्हा ‘वेतन वाढलं की क्रेडिट बुडतं’ असं जे ठोकून सांगतात, त्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करावा. बुडतं ते पुढे. ३१,२०० च्या वरच्या प्रत्येक डॉलरमागे २१ सेंट क्रेडिटचे आणि पावणेआठ सेंटांच्या आसपास पगारातल्या कपातीचे जातात. फूड स्टॅम्प, म्हणजे आताचं स्नॅप (गरिबांना अन्नखरेदीसाठी मिळणारी सरकारी मदत), चालू असेल तर तेही उत्पन्नाबरोबर आटतं. मालकाने ताशी एक डॉलर वाढवून दिला तर घरात साठ-सत्तर सेंटच येतात, कधी त्याहूनही कमी.

ही गोम मुलं असलेल्यांची. मूल नसलेल्यासाठी हे उत्पादन जवळपास निरुपयोगी आहे. तोच पगार, १५,०८०. क्रेडिट १०,६२० डॉलरपासून घटायला लागतं, त्यामुळे हातात येतात ३०८ डॉलर, तासाला १५ सेंट. ताशी १० डॉलर मिळवून पूर्णवेळ काम केलं तर वर्षाचे २०,८०० होतात आणि मर्यादा आहे १९,१०४. मिळणार शून्य. गोदामात पेट्या उचलणाऱ्या ताशी १० डॉलरवाल्या तेवीस वर्षांच्या पोराला क्रेडिटवर भाषण देणाऱ्याने आधी एवढं सांगावं की वयामुळेही तो बाद आहे आणि पगारामुळेही. २०२१ च्या एका वर्षापुरतं हे सुधारलं होतं: वयाची खालची मर्यादा बहुतेकांसाठी १९ वर आणली, वरची काढली, कमाल रक्कम १,५०२ केली. पुढच्या वर्षी सगळं पूर्ववत.

वितरणाबद्दल मात्र मोठी तक्रार आहे. पैसे वर्षातून एकदा येतात. कायद्यानेच ईआयटीसीवाला परतावा फेब्रुवारीच्या मध्याआधी सोडता येत नाही. जानेवारीत रिटर्न भरलं तरी खात्यात जमा व्हायला फेब्रुवारी संपत येतो किंवा मार्च उजाडतो. जानेवारी २०२५ मध्ये केलेल्या कामाचं क्रेडिट मार्च २०२६ मध्ये, म्हणजे चौदा महिन्यांनी. तोवर भाडं, गाडीची दुरुस्ती, औषधं यांची उसनवारी चालूच. पूर्वी डब्ल्यू-५ फॉर्म भरून काही रक्कम पगाराबरोबर आगाऊ घ्यायची सोय होती. ती फार थोड्यांनी वापरली आणि २०१० नंतर बंदच झाली. कारण उघड आहे: वर्षाअखेर उत्पन्न जास्त निघालं तर घेतलेले पैसे परत करावे लागायचे, आणि मिळालेले पैसे परत करण्याची धास्ती गरीब माणसाला फार असते. ब्रिटनने २००३ पासून टॅक्स क्रेडिट अंदाजाने आधी वाटून पाहिलं. तिथे जादा दिलेल्या रकमेच्या वसुलीने कुटुंबं बेजार झाली, आणि अखेर एप्रिल २०२५ मध्ये ती पद्धत गुंडाळून सगळं युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये गेलं.

एकरकमीचा एक फायदाही आहे, तो नाकारता येत नाही. पाच-सहा हजार एकदम आले की जुनी थकबाकी फिटते, टायर बदलता येतात, नव्या घराचं डिपॉझिट भरता येतं. शिवाय हा परतावा स्नॅपसाठी उत्पन्न धरला जात नाही आणि पुढचे बारा महिने शिल्लक म्हणूनही मोजला जात नाही. मात्र थकलेली पोटगी, जुना कर किंवा बुडवलेलं सरकारी शैक्षणिक कर्ज असेल तर ट्रेझरी (सरकारचं अर्थखातं) ते आधी वळतं करून घेऊ शकते.

आता रिटर्न भरण्याची प्रत्यक्ष वाट. लागणारे कागद असे: प्रत्येक मालकाकडचा डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कपातीचा दाखला (दोन महिने काम करून सोडलेल्या ठिकाणचासुद्धा, कारण त्याची प्रत सरकारकडे आधीच असते), स्वतःचं, जोडीदाराचं आणि प्रत्येक मुलाचं सोशल सिक्युरिटी कार्ड, फोटो ओळखपत्र, बँकेचा राउटिंग नंबर आणि खाते क्रमांक. नाव कार्डावर आहे तसंच्या तसं टाकायचं. लग्नानंतर आडनाव बदललं पण कार्ड जुनंच, किंवा दोन आडनावांतलं एक गाळलं, तर इ-फाइल तिथेच फेटाळलं जातं. फॉर्म १०४० ला, म्हणजे रिटर्नच्या मुख्य फॉर्मला, शेड्यूल ईआयसी हे पुरवणी पान जोडायचं. त्यात मुलाचं नाव, नंबर, जन्मवर्ष, नातं आणि वर्षातले किती महिने ते तुमच्याकडे राहिलं हे लिहायचं. रकाने तीनच आहेत. चौथ्या मुलाने क्रेडिट वाढत नाही, त्यामुळे चौथा नाही म्हणून घाबरू नये.

रिटर्न कोणाकडून भरून घ्यायचं, यावर सगळं अवलंबून आहे. आयआरएसची (फेडरल करखात्याची) व्हिटा केंद्रं फुकट भरून देतात. वाचनालयात, समाजमंदिरात, कॉलेजात ती जानेवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत चालतात. तिथे परीक्षा दिलेले स्वयंसेवक असतात आणि एकाने भरलेलं रिटर्न दुसरा तपासतो. ही तपासणीच या केंद्रांची जमेची बाजू. उणीव अशी की एकत्र रिटर्न असेल तर नवरा-बायको दोघांना हजर राहावं लागतं, रांग लांब असते, आणि धंद्यात तोटा दाखवायचा असेल तर ते रिटर्न घेत नाहीत. त्याउलट जानेवारीत दुकानाच्या गाळ्यात बोर्ड लावून बसणारे खासगी भरणारे. त्यांच्याकडे तीन गोष्टी बघायच्या. फी परताव्याच्या टक्क्यांत मागतो का? मागत असेल तर तिथून उठायचं. रिटर्नवर सही करून आपला पीटीआयएन, म्हणजे रिटर्न भरून देणाऱ्याचा नोंदणी नंबर, टाकतो का? टाकत नसेल तर चूक निघाल्यावर तो सापडणार नाही आणि आयआरएसचं पत्र तुमच्याच दारात येईल. खाते क्रमांक तुमचाच आहे का, हे छापील प्रतीवर बघायचं. ‘फी आत्ता नको, परताव्यातून कापू’ हा गोड शब्द महागात पडतो: तात्पुरतं खातं उघडून पैसे त्यातून फिरवले जातात आणि त्याचं वेगळं शुल्क लागतं. गरिबासाठी काढलेल्या क्रेडिटला इथेच पहिली गळती लागते.

अडतं बहुतेक वेळा मुलावरून. पात्र मूल म्हणजे नात्यातलं, १९ च्या आतलं (पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर २४ च्या आतलं, कायमचं अपंगत्व असेल तर वयाची अट नाही) आणि अमेरिकेत तुमच्याबरोबर अर्ध्या वर्षाहून अधिक राहिलेलं. खर्च कोण करतं हे इथे बघत नाहीत, रात्री मूल कोणाच्या घरी झोपतं ते बघतात. घटस्फोटितांची हमखास चूक अशी: कोर्टाच्या कागदात ‘मूल एक वर्ष आईच्या, एक वर्ष वडिलांच्या रिटर्नवर’ असं लिहिलेलं असतं, आई फॉर्म ८३३२ वर (मूल दुसऱ्या पालकाला रिटर्नवर दाखवू देण्याच्या संमतीवर) सही करून देते आणि वडील ईआयटीसीही मागतात. त्या फॉर्मने चाइल्ड टॅक्स क्रेडिट सोडता येतं. ईआयटीसी सोडता येत नाही. ते ज्याच्या घरी मूल राहिलं त्याचंच.

दुसऱ्याने आधी रिटर्न भरून मुलाचा नंबर वापरला असेल तर तुमचं इ-फाइल पूर्वी सरळ परत यायचं आणि कागदी रिटर्न टपालाने पाठवून महिनोन्महिने वाट बघावी लागायची. २०२५ च्या हंगामापासून आयपी पिन, म्हणजे रिटर्न तुमचंच असल्याची ओळख पटवणारा नंबर, टाकला तर ते स्वीकारलं जातं. हा सहा आकडी पिन आयआरएसच्या संकेतस्थळावर खातं उघडून घेता येतो. ज्यांच्या घरात असा तंटा आहे त्यांनी तो रिटर्न भरण्याआधीच काढून ठेवावा.

सीपी७५ हे पत्र आलं तर परतावा थांबवून पुरावा मागितलेला असतो आणि उत्तराला ३० दिवस असतात. चालणारा पुरावा म्हणजे शाळेच्या किंवा दवाखान्याच्या लेटरहेडवर मुलाचं नाव, तुमचा पत्ता आणि त्या कर-वर्षातल्या तारखा, तिन्ही एकाच कागदावर. लोक चालू वर्षाचं शाळेचं पत्र पाठवतात, आणि तिथेच प्रकरण फसतं. २०२५ चं क्रेडिट असेल तर पत्रात २०२५ चे महिने हवेत. उत्तर न दिल्यास क्रेडिट नाकारलं जातं आणि पुढच्या वेळी फॉर्म ८८६२ जोडल्याशिवाय मागता येत नाही. नियम बेफिकिरीने मोडले असं ठरलं तर दोन वर्षं बंदी, फसवणूक ठरली तर दहा. एकूण वाटपातला पाचव्या हिश्शाहून मोठा भाग चुकीचा जातो असं सरकारचेच अंदाज सांगतात. त्यातलं बरंचसं चोरीचं नसून नियमांच्या गुंत्याचं आहे. आणि पात्र असलेल्या पाचांपैकी एक जण मागतच नाही.

किमान वेतनाच्या दुकानात यातलं काहीच नाही. फॉर्म नाही, मुलाचा दाखला नाही, फेब्रुवारीची वाट नाही. पगाराच्या दिवशी पैसे. १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स कायद्याने ताशी २५ सेंटांपासून सुरुवात झाली. वितरणात याला पैकीच्या पैकी गुण. मालाच्या दर्जात नाही: १५,०८० डॉलर वर्षाला, आणि महागाईशी कसलीच जोड नाही. म्हणून खरा भाव राज्यं ठरवतात. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात १६.५०, वॉशिंग्टन राज्यात १६.६६, तर टेक्सास आणि पेनसिल्व्हेनियात सव्वासातच. जॉर्जिया आणि वायोमिंगच्या कायद्यात तर ५.१५ लिहिलेलं आहे. फेडरल कायदा लागू असलेल्यांना तिथे ७.२५ मिळतात.

हे दुकान ग्राहकाला दारातच लुबाडतं, आणि लुबाडणारा मालक असतो. पद्धती ठरलेल्या आहेत. दुकान बंद केल्यावर पंधरा मिनिटं झाडलोट, घड्याळात नोंद नाही. ताशी ७.२५ वर ४० तास आधीच भरलेले असतील तर ही मिनिटं ओव्हरटाइमची, दर १०.८७५. आठवड्याला सव्वा तास, म्हणजे १३.५९ डॉलर, ५० आठवड्यांचे ६८० डॉलर. मूल नसलेल्या कामगाराचं कमाल ईआयटीसी ६४९ आहे, हे पुन्हा आठवावं. दुसरी पद्धत गणवेश, तुटलेली भांडी, गल्ल्यातली तूट पगारातून कापण्याची. आठवड्याची सरासरी सव्वासातच्या खाली गेली की ती कपात बेकायदा ठरते. तिसरी टिपवाल्या कामाची: मालक रोख २.१३ देतो (हा आकडा १९९१ पासूनचा), उरलेले ५.१२ टिपांतून यायला हवेत आणि कमी पडले तर फरक मालकाने भरायचा. शांत आठवड्यात तो भरला जातोय का, हे बघायला पे-स्टब (पगाराची पावती) आणि रोजच्या टिपांची स्वतःची वही लागते. कॅलिफोर्निया, नेवाडा, मिनेसोटा यांच्यासह सात राज्यांत ही २.१३ ची सवलतच नाही. चौथी पद्धत सगळ्यांत वाईट. नोकराला डब्ल्यू-२ ऐवजी १०९९ देऊन ‘कंत्राटदार’ ठरवायचं. किमान वेतन गेलं, ओव्हरटाइम गेला, आणि ७.६५ ऐवजी १५.३ टक्के स्वयंरोजगार कर त्याच्याच खिशातून.

यावर उपाय श्रम खात्याच्या वेज अँड अवर डिव्हिजनकडे तक्रार. वकील लागत नाही, नाव गुप्त राहतं, सूड म्हणून कामावरून काढणं बेकायदा आहे. मागे दोन वर्षांपर्यंतचं वेतन मागता येतं, मालकाने जाणूनबुजून केलं असेल तर तीन, आणि प्रकरण कोर्टात गेलं तर तेवढीच रक्कम भरपाई म्हणून वर. पण तपासनीस थोडे आहेत. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ अशी वहीतली नोंद असेल तर प्रकरण पुढे सरकतं, नसेल तर मालकाच्या कागदावर फैसला होतो.

आता झुंजीबद्दल थोडं. वेतन वाढवलं की नोकऱ्या जातात का, यावर अर्थशास्त्रज्ञ तीस वर्षं भांडत आहेत. १ एप्रिल १९९२ ला न्यू जर्सीने दर ४.२५ वरून ५.०५ केला, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केला नाही. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडची ४१० फास्ट-फूड दुकानं तपासली आणि नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी पगाराच्या नोंदी घेऊन त्याला आव्हान दिलं. काँग्रेसच्या बजेट ऑफिसने २०२१ मध्ये १५ डॉलरच्या प्रस्तावावर अंदाज दिला: नऊ लाख लोक दारिद्र्यरेषेच्या वर येतील आणि चौदा लाख नोकऱ्या कमी होतील. दोन्ही बाजू यातला आपल्याला हवा तेवढा अर्धा भाग वाचून दाखवतात.

क्रेडिटच्या बाजूचा खरा मुद्दा निशाण्याचा आहे. किमान वेतनाला घर दिसत नाही. सुखवस्तू घरातला कॉलेजकुमार आणि दोन मुलांची एकटी आई त्याच्या लेखी सारखेच. क्रेडिटला घर दिसतं. पण क्रेडिटमध्ये एक चोरवाट आहे, तिच्याबद्दल त्याचे पुरस्कर्ते कमी बोलतात. क्रेडिटमुळे जास्त लोक कामाला येतात, हात वाढले की मजुरीचा भाव पडतो, आणि क्रेडिटचा काही भाग मालकाच्या खिशात जातो. जेसी रोथस्टीन यांनी मांडलेल्या हिशेबात हा भाग मोठा निघतो, आणि ज्यांना क्रेडिट मिळतच नाही त्यांची मजुरीही पडते. ही चोरवाट बुजवायला खालून मजबूत फरशी लागते, आणि ती किमान वेतनाचीच. सव्वासातची फरशी बहुतेक ठिकाणी बाजारभावाच्या इतकी खाली गेली आहे की तिच्यावर कोणाचा पाय टेकत नाही.

गुण द्यायचे तर असे: मुलं असलेल्या, डब्ल्यू-२ वर काम करणाऱ्यासाठी ईआयटीसीला पाचांपैकी चार. एक गुण चौदा महिन्यांच्या थांबण्याचा कापला. मूल नसलेल्यासाठी एक, तोही दयेने. फेडरल किमान वेतनाला दोन, चांगल्या राज्यात साडेतीन, आणि तिथेही वही ठेवत असाल तरच. मुलं असलेल्याने यातलं एक निवडायचं नाहीच. वर केलेल्या हिशेबात १५ डॉलरवाल्या आईच्या घरात दोन्ही मिळून ३६,६९९ येतात, कपातीआधी.

ज्यांनी आजवर मागितलंच नाही त्यांच्यासाठी: मागच्या वर्षांचं क्रेडिट मूळ मुदतीपासून तीन वर्षांपर्यंत मागता येतं. रिटर्न भरलेलंच नसेल तर त्या त्या वर्षाचा फॉर्म १०४० भरायचा, भरलं पण क्रेडिट राहिलं असेल तर १०४०-एक्स. आयआरएसकडून सीपी०९ किंवा सीपी२७ अशा क्रमांकाचं पत्र आलं असेल तर ते फेकू नये. पहिलं मुलं असलेल्यांना येतं, दुसरं नसलेल्यांना, आणि दोन्हींत म्हटलेलं असतं की तुमचे पैसे बहुधा आमच्याकडे पडून आहेत, सोबतचा कागद भरून सही करून पाठवा.